बाण थांबला की फोटो मोठा

लोक मला लाजाळू म्हणतात. मी स्वतःला सावध म्हणते, कारण ते ऐकायला बरं वाटतं. मी कुणाच्या फोटोला लाइक देत नाही. कुणाची स्टोरी उघडत नाही, कारण पाहिल्याचं त्यांना कळतं. म्हणून ब्राउझरचं ते एक्स्टेन्शन सापडलं तेव्हा वाटलं, हे माझ्यासारख्यांसाठीच बनवलंय. अल्बममधल्या एखाद्या छोट्या फोटोवर माउसचा बाण नुसता थांबवला की तो फोटो स्क्रीनभर मोठा होतो. व्हिडिओ असेल तर आपोआप चालू होतो. क्लिक करावं लागत नाही.

नागपूरच्या काकूंनी चुलतबहिणीच्या लग्नाचा अल्बम पाठवला. परीक्षेमुळे मी लखनऊलाच राहिले होते. त्या फोटोंत नवरदेवाचा एक मित्र होता आणि त्याच्या घरच्यांनी माझ्याबद्दल विचारणा केली होती. आईने मला मराठीत विचारलं, मी हिंदीत उत्तर दिलं, "मुझे क्या, आप लोग देख लो." मनातलं काही सांगायचं नसलं की हिंदी मला फार उपयोगी पडते.

अल्बम मी आधीच गुपचूप पाहून ठेवला होता आणि तो मुलगा मला आवडला होता. पण त्यांच्याकडून नकार आला तर 'हिला आवडला होता बिचारीला' हे वाक्य नागपूरपर्यंतच्या सगळ्या स्वयंपाकघरांत फिरलं असतं. ते मला नको होतं.

रविवारी आईने फर्मान काढलं, सगळ्यांनी मिळून अल्बम बघायचा. मी व्हिडिओ कॉलवर काकूंना घेतलं आणि माझी स्क्रीन शेअर केली. बाबा मलिहाबादहून आलेल्या पेटीतले दशहरी आंबे चोखत बसले. मी चेहरा अगदी कोरा ठेवला होता. त्याची मी आरशात तयारीही केली होती.

काकू नातेवाईक ओळखून देत होत्या. मध्येच त्या थांबल्या.

"काहून गं, हाच पोरगा सारखा मोठा होऊन राहिला?"

माझं तोंड गप्प होतं, पण हात गप्प नव्हता. बाण दर वेळी जाऊन त्याच्यावरच थांबत होता आणि तो नागपुरातही स्क्रीनभर होत होता.

मी घाईने बाण सरकवला. पुलावाच्या पातेल्याचं झाकण उचलणारा माणूस स्क्रीनभर झाला.

"हा नको बाई," काकू म्हणाल्या, "हा केटरिंगचा आहे."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. मी पुन्हा बाण हलवला तर वरातीचा व्हिडिओ सुरू झाला. तोच मुलगा, ठेका पूर्ण चुकवत, मनापासून नाचत होता. मला हसू आवरलं नाही. आरशातली सगळी तयारी वाया गेली.

"मग काय कळवू त्यांना?" काकूंनी विचारलं.

'आप लोग देख लो' जिभेवर तयारच होतं. ते मी गिळलं. बाण उचलून त्याच्या फोटोवर नेला आणि माउसवरचा हात काढून घेतला. तो मोठा झाला आणि तसाच राहिला.

मग बाबांनी कोय ताटलीत ठेवली.

"हँग झालं वाटतं."

"नाही बाबा," मी मराठीत म्हणाले, "हँग नाही झालं."