एक जोड जास्तीचा

गोदामात सगळे त्यांना नेमके म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं. बूट-चपलांच्या त्या गोदामातून साठ दुकानांना माल जाई आणि पुढच्या हंगामाला कुठल्या मापाचे किती जोड मागवायचे, हे नेमके ठरवत. मागची विक्री समोर ठेवायची, कानामागची पेन्सिल काढायची आणि आकडा लिहायचा. हंगाम संपला की शेल्फावर एकही जोड उरता कामा नये, ही त्यांची ऐट. उरलाच, तर स्वारी दोन दिवस घुश्श्यात.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण. आईमागे ताईनंच त्यांना वाढवलं होतं. आता तिचे पाय सुजत. तिला रुंद पंजाची, सैल पट्ट्याची मऊ चप्पल लागे, तीही नेमक्यांच्याच गोदामातली. ती पायात असली की ताई रोज कोपऱ्यावरच्या दुकानांपर्यंत फिरून येई. तेवढंच तिचं बाहेरचं जग.

एका वर्षी कारखान्यातला साचा मोडला आणि ती चप्पल हंगामभर आलीच नाही. पुढचा माल ठरवताना नेमक्यांनी विक्री पाहिली. शून्य. "कुणाला नकोच आहे, तर भरायची कशाला?" म्हणत त्यांनी ती यादीतून काढून टाकली. विकायला चप्पलच नव्हती तर विक्री दिसणार कुठून, हे एवढ्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं नाही. राग येतो त्यांचा, आणि कीवही.

ताईची चप्पल झिजली. ती भावाच्या जुन्या सपाता घालून फिरू लागली. नेमक्यांना वाटलं, आवडल्या असतील. एका सकाळी पायरीवर सपात निसटली आणि ताईच्या खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात तिच्या उशाशी बसून नेमके चिडले. "ताई, नवी चप्पल का नाही घेतलीस? मला सांगायचंस तरी!"

"तीनदा गेले रे दुकानात. तो म्हणाला, आता येत नाही, कुणी मागतच नाही म्हणे. आणि माझ्या शेजारी दोघीजणी तीच मागत उभ्या! म्हटलं, तुझ्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहे."

नेमक्यांना विक्रीच्या कागदावरचं ते शून्य आठवलं.

आठवड्याभरात त्यांनी साठही दुकानांत एकेक वही पाठवली. गिऱ्हाइकानं मागितलं आणि आपण नाही म्हटलं, ते त्यात लिहायचं. "न विकलेल्या मालाचं काय लिहायचं, नेमके?" दुकानदार कुरकुरले, पण नेमके हटून बसले. माल ठरवायच्या वेळी वह्या परत आल्या. रुंद चप्पल, ताईचं माप : चाळीस बायका रिकाम्या हातानं परतल्या होत्या. खाली नेमक्यांनी स्वतःच्या हातानं ताईचं नाव लिहिलं. एकेचाळीस.

मागणीपत्र जायच्या आधीच ताई गेली. ते हाड काही जुळलं नाही आणि अंथरूण काही सुटलं नाही.

चार दिवसांनी नेमके कामावर आले तेव्हा व्यवस्थापक बाई हळूच म्हणाल्या, "काका, तो आकडा... एकानं कमी करू का?"

"राहू द्या," नेमके म्हणाले.

हंगाम संपला. चाळीस जोड गेले, शेल्फावर एक उरला. नेमक्यांनी रुमालानं त्याच्यावरची धूळ पुसली, पट्टे सैल केले आणि तो होता तिथंच ठेवला.