नाणं कडेनं धरावं

जुनी नाणी जमवणाऱ्यांकडे नाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात! नाणी तरी पेटीत गप्प बसतात, किस्से बसत नाहीत. आमचे कुंभकोणमचे असे बरेच आहेत, इंग्रजी अमदानीतले. तंजावरचं मराठ्यांचं राज्य जाऊन तोवर दोन-तीन पिढ्या झाल्या होत्या.

दर रविवारी आम्ही भीमराव काकांच्या ओट्यावर जमायचो. काका रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. त्यांच्या पेटीत चोळ राजांच्या तांब्याच्या काशूपासून सोन्याच्या होनापर्यंत दोनशे नाणी होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मद्रासला नोकरी करणारा मुलगा स्पष्टच म्हणायचा, "आप्पा, तुम्हांस दिसेनासं झालं की हे तांबं भांडीवाल्यास वजनावर देऊं." काकांना तीच धास्ती. म्हणून ते वारस शोधत होते.

"पेटी देईन," म्हणायचे, "पण हात पाहून!"

आमचा सगळ्यांचा डोळा पेटीवर होता. माझाही. खोटं कशाला बोलू?

* * *

पहिल्याच दिवशी काकांनी माझ्या हातात एक नाणं दिलं. मी ते मुठीत घेतलं आणि अंगठा नेमका राजाच्या तोंडावर ठेवला.

"सेतू! राजाच्या मुखावर आंगठा? दरबारांत असतास तर आंगठा उरता का तुझा?"

मग शिकवणी झाली. घामानं डाग पडतो, म्हणून नाणं दोन बोटांत कडेनं धरावं, कढत कॉफीचा टंबलर काठाला धरतो तसं. प्रॅक्टिस म्हणून त्यांनी मला एकामागून एक चार टंबलर कॉफी पाजली. त्यानंतर हात असे थरथरायला लागले की दिवसभर नाण्याला बोट लावायची सोय राहिली नाही!

* * *

आमचा गुंडूराव पोस्टात कारकून. त्याला कावेरीच्या वाळूत चोळांचं एक काशू सापडलं, छान हिरवट झालेलं. आम्ही जळून खाक! पुढच्या रविवारी गुंडूराव तेच घेऊन आला, लखलखीत. आमच्या गावात घरोघरी पितळ चिंचेनं घासतात, याच्या बायकोनं तांब्या-पंचपात्राबरोबर राजालाही घासलं होतं. राजाचं नाकच गेलं.

काका हळहळले. "अय्यो! कावेरीनं शेकडों वर्षं जपलं, तें तुम्ही एका सकाळींत संपवलं!"

"मग परत कावेरींत टाकूं का?"

"टाक. अन् शेकडों वर्षांनी आणून दाखव!"

* * *

एकदा एक वकील आले. काकांनी मोठ्या कौतुकानं त्यांना चांदीचा जुना रुपया दाखवला. वकीलसाहेबांनी तो सरळ ओट्याच्या दगडावर आपटला. खण्ण! कडेला खाच पडली.

"चांदी खरी आहे," वकील म्हणाले.

काका शांतपणे म्हणाले, "तुमचं घड्याळ पाहूं जरा." वकिलांनी खिशातलं सोन्याचं घड्याळ काढून दिलं. काकांनी ते दगडावर उगारलं.

"अहो, हें काय करतां?"

"खरं आहे का बघतों!"

* * *

काका काही जन्मजात शहाणे नव्हते हं! तरुणपणी त्यांनी आपली नाणी पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवली होती, खाली सुंदर अक्षरात नावं घालून. एक गोरा साहेब ते बघून खूश झाला आणि म्हणाला, "व्हेरी गुड! मागची बाजू?"

"साहेब, मागची बाजू माझ्या लक्षांत आहे!"

नंतर पावसाच्या पाण्यात भिजवून डिंक सोडवायला तीन महिने लागले. हा किस्सा काका स्वतःच सांगायचे. आणि शेवटी म्हणायचे, "हात शिकतात रे. वेळ द्यावा लागतो."

* * *

आता शेवटचा. त्या रविवारी काका म्हणाले, "आज पेटीचा निकाल लावतों." आम्ही ओळीनं बसलो, हात धुऊन, पुसून, बोटं तयार ठेवून. काका नुकतेच जेवले होते. कुंभकोणमात जेवणानंतर विडा नाही म्हणजे जेवणच नाही! विडा तोंडात टाकून त्यांनी पेटी उघडली आणि चाचपत सोन्याच्या होनाकडे हात नेला.

बोटाला चुना. ओला, पांढराशुभ्र. आम्ही सगळ्यांनीच पाहिला. पण वडील माणूस! कोण बोलणार?

तेवढ्यात सून रुक्मिणी पाण्याचा तांब्या ठेवायला बाहेर आली. परक्या माणसांपुढे ती कधी अक्षर बोलल्याचं आम्हाला आठवत नव्हतं.

"मामा, थांबा. बोटास चुना आहे."

काकांचा हात जागच्या जागी थांबला. गुंडूराव माझ्या कानात कुजबुजला, "सासऱ्यास असं टोकतात का?"

"तुम्ही पाहिलांत का रे?" काकांनी आम्हाला विचारलं.



काका उठले, परसात जाऊन हात धुऊन आले. जानव्याला बांधलेली पेटीची किल्ली ओल्या हातांनीच सोडली आणि रुक्मिणीपुढे धरली.

"घे."

तिनं किल्ली घेतली नाही. खुंटीवरचा पंचा काढून त्यांच्यापुढे केला.

"आधी हात पुसा, मामा."