पुढचे दोन टायर

वेदवती आणि मी म्हैसूरच्या एकाच शाळेत सतरा वर्षं शिकवलं. ती गणित, मी हिंदी. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे सांगलीहून इथे आलेली, तिचं घराणं चार पिढ्या इथलंच. तिची मराठी ऐकून पहिल्या वर्षी मला हसू यायचं. उगाच बसले होते म्हणायच्या ऐवजी ती 'सुम्मने बसले होते' म्हणायची, आणि वाक्याच्या शेवटी आपण 'हो ना?' म्हणतो तसं तिचं 'अल्वा?' असायचं. आता ते माझ्याही तोंडात बसलंय. पुढची हकिकत तिनेच मला सांगितली, पण सलग नाही. कधी भाजी निवडताना, कधी फोनवर. मी ती फक्त ओळीने लावली आहे.

तिला एकच मुलगा, शशांक. बेंगळूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दोन हजार एकवीस साली त्याने एक जुनी जर्मन गाडी घेतली. दोन दारांची, जमिनीलगत बसणारी, मागच्या चाकांवर जोर घेऊन पळणारी. घेतल्यावर पहिलं काम केलं ते टायर बदलण्याचं. त्यासाठी तीन आठवडे तो आईला फोनवर वाचून दाखवत होता, कुठलं रबर मऊ, कुठलं पावसात धरतं, पुढच्यापेक्षा मागचे रुंद का लागतात. वेदवतीला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण मुलगा एवढं भरभरून बोलतोय म्हणून ती ऐकायची.

तिचे यजमान गुरुराज विमा कंपनीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर अपघातांचे कागद तपासलेला माणूस. गाडी दारात आली त्या दिवशी त्यांनी मुलाला जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि मग बोलणंच सोडलं. शशांक म्हणाला, "अप्पा, एकदा बसून तरी बघा. कोटे रोडला जाऊन येऊ." ते बसले नाहीत. आठ महिने बाप-लेकात शब्द नव्हता. आणि बावीसच्या मार्चमध्ये शशांक ऑफिसात, खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. मेंदूत रक्तस्राव. एकतीस वर्षांचा होता. गाडीचा त्यात काही संबंध नव्हता. त्या आठवड्यात ती कुवेंपुनगरच्या घरी, शेडमध्ये उभी होती.

गाडीवर कापड चढलं. विकायचं नाव दोघांनीही काढलं नाही.

वेदवतीला झोप लागेना, म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली. गोळी घेतली की ती सकाळी सातपर्यंत उठत नसे. गुरुराज मात्र पाचला उठून कुक्करहळ्ळी तळ्यावर फिरायला जायचे, ते पावणेसातला परत. शशांक गेल्यावर सव्वा वर्षाने एका पहाटे तिला त्या गाडीचा आवाज आला. सुरू होताना ती गाडी आधी खाकरायची आणि मग घुमायची. गोळीच्या गुंगीत तिला हात हलवता येईना. सातला उठून शेडमध्ये गेली तर कापड जागच्या जागी. तिने कापडाखाली हात घालून बॉनेटवर ठेवला. ते गरम होतं.

"भ्यायला झालं नाही?" मी तिला विचारलं.

"नाही गं. बरं वाटलं," ती म्हणाली. "मुलगा घरी येऊन गेला, एवढंच वाटलं."

त्यानंतर आठवड्यातून एकदा-दोनदा तो आवाज यायचा. तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोळी बदलली असती, किंवा गाडी विकली गेली असती. आवाज आला त्या दिवशी ती नीट जेवायची. चार-पाच दिवस आला नाही की तिची चिडचिड व्हायची, आणि मग रात्रीची गोळी ती जरा लवकरच घ्यायची. अडीच वर्षं तिने असं काढलं. शाळेत माझ्याशेजारी बसून पेपर तपासणारी, एका गुणासाठी मुलांशी वाद घालणारी बाई.

गेल्या नोव्हेंबरात गुरुराज थोरल्या भावाकडे बेट्टदपुरला दोन दिवस गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला आवाज आला. सातला उठून शेडमध्ये गेली तर गाडी एका बाजूला कललेली. पुढचं डावं चाक जमिनीला चिकटलं होतं. कापड तसंच. बॉनेटला हात लावायचं तिच्या मनातच आलं नाही. तिला एवढंच वाटलं की याचं चाक बसलं, आता हा कसा येणार-जाणार?

मंडी मोहल्ल्यात खंडोजीराव म्हणून टायरवाले आहेत. साठीचा माणूस, घरी मराठीच बोलतात. तिने त्यांना फोन करून बोलावलं आणि सांगितलं, "तीन वर्षांपासून उभी आहे हो गाडी. चारही टायर बदलायचेत. मुलाने निवडले होते तेच द्या."

खंडोजीरावांनी कापड काढलं. पुढची चाकं पाहिली. मग मागे जाऊन टॉर्च लावून खाली वाकले. बराच वेळ उठले नाहीत.

"अक्का, तीन वर्षं उभी, असं म्हणालात अल्वा?"

"हौदु, हो."

"नोडी, हे बघा, रागवू नका. ही उभी नव्हती. ही चालतेय. चांगली चालतेय. या मागच्या दोघांच्या आतल्या कडेला रबर झिजून तार दिसायला लागलीय. पंचवीस हजार किलोमीटर तरी गेले असतील. असल्या गाडीचे मागचे तेवढ्यात संपतात."

वेदवतीला वाटलं हा माणूस काहीतरी गोंधळ करतोय. खंडोजीरावांनी तिला वाकायला लावलं आणि टायरच्या अंगावरचे चार आकडे दाखवले. प्रत्येक टायर कधी तयार झाला ते त्यावर छापलेलं असतं, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पुढच्या दोन टायरांवर होतं सव्वीस एकवीस. मागच्या दोघांवर बावीस तेवीस.

गणिताच्या बाईला आणखी समजावून सांगावं लागलं नाही. दोन हजार तेवीसचा बाविसावा आठवडा म्हणजे जूनची सुरुवात. शशांक बावीसच्या मार्चमध्ये गेला. त्याच्यामागे सव्वा वर्षाने तयार झालेले टायर त्याच्या गाडीला होते, आणि ते झिजलेही होते.

ती शेडच्या पायरीवर बसली. खंडोजीरावांनी पाणी मागवायला हाक मारली, पण घरात कुणी नव्हतंच. शेवटी ते समोरच्या घरी गेले. समोरचे भुजंगराव तांब्या घेऊन आले आणि सहज म्हणाले, "साहेब नेतात की गाडी पहाटे. तुम्हांला ठाऊक असेल, असंच वाटलं आम्हांला."

मला हे सांगताना वेदवती भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "त्या दिवशी तो दुसऱ्यांदा गेला. आणि या वेळी मी शेजारी होते."

संध्याकाळी गुरुराज आले. शेडमध्ये कापड काढलेली गाडी त्यांनी पाहिली आणि पिशवी हातात धरूनच उभे राहिले.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तेवीसच्या पावसाळ्यापासून."

"फिरायला जातो म्हणून सांगून?"

"आधी दोन-तीनदा नुसता आत बसलो. मग चालू केली. मग... त्याने बोलावलं होतं ना, एकदा बसा म्हणून. म्हणून बसतो. कोटे रोडने हँडपोस्ट गावापर्यंत जातो आणि वळतो. आरंभी मागचा एक टायर रस्त्यात फुटला. उभं राहून राहून सगळ्यांनाच भेगा गेल्या होत्या. हुणसूर रोडवर मागचे दोन बदलून घेतले."

"आणि पुढचे?"

"ते शशांकने निवडलेत, वेदा."

"मागचे झिजलेत. तार दिसतेय, असं खंडोजीराव म्हणाले. तुम्हांला माहीत होतं?"

गुरुराज खाली बघत म्हणाले, "महिना झाला. बघितली."

"बघून पण गेलात?"

"दुकानात नेली तर चारी काढा म्हणणार. पुढचे पण."

ती म्हणते, हे एवढंच कारण नव्हतं, ते तिला त्यांच्या आवाजात कळलं. पस्तीस वर्षं ज्याने झिजलेल्या टायरांचे फोटो लावून अहवाल लिहिले, त्याला ओल्या रस्त्यावर तार निघालेल्या टायरचं काय होतं ते नक्कीच ठाऊक होतं. त्यांना स्वतः काही करायचं नव्हतं. झालं तर होऊ दे, एवढंच. तिने ते तोंडाने म्हटलं नाही. त्यांनीही म्हटलं नाही. त्या रात्री तिने गोळी घेतली नाही आणि दोघंही जेवणाच्या टेबलाशी बसून राहिले.

एक गोष्ट तिने मला नंतर, फार हळू आवाजात सांगितली. गुरुराज फक्त गुरुवारी आणि रविवारी गाडी काढायचे. आणि ते बेट्टदपुरला होते ती सकाळ मंगळवारची होती. "त्या दिवसाचं उत्तर मला येत नाही," ती म्हणाली. "त्यांना मी विचारलंच नाही. बेडा, नकोच ते."

दोन दिवसांनी पुढच्या चाकात हवा भरून दोघं मंडी मोहल्ल्यात गेले. गुरुराज चालवत होते, ती बाजूला. त्या गाडीत ती पहिल्यांदाच बसत होती. सीट इतकी खाली की तिला समोरचा रस्ता दिसण्याआधी आभाळ दिसलं.

खंडोजीरावांनी तीन टायर काढून ओळीने मांडले. पहिला जवळजवळ सपाट, चार बारीक खाचा असलेला. "हा कोरड्यात असा धरतो, विचारू नका. पण पाणी साचलं की तरंगतो." दुसऱ्याला खोल, रुंद चर होते. "हा पाणी बाहेर फेकतो. झिजतो लवकर, पण पावसात थांबवतो." तिसरा टिकाऊ, आवाज न करणारा. त्याला त्यांनी लगेच पायाने मागे सारलं. "हा साध्या गाडीचा. एवढ्या वेगाचं याला जमत नाही. तुम्ही म्हणाल आम्ही हळू जातो. गाडीला ते ठाऊक नसतं."

मग त्यांनी विचारलं, "चालवणार कोण? कुठे? पावसात पण?"

वेदवती म्हणाली, "सदुसष्ट वर्षांचा माणूस. कोटे रस्ता, पहाटे, दव असतं. पाऊस असला तरी जाणार. आणि बाजूला मी असणार."

गुरुराजनी तिच्याकडे पाहिलं.

खंडोजीरावांनी दुसऱ्या टायरवर हात ठेवला. वेदवतीने वाकून त्यावर नख दाबून पाहिलं, आकडे वाचले, आठवडा आणि वर्ष मोजलं. टायर दोन महिन्यांचे होते. शशांकने निवडलेला टायर आता कंपनी बनवतच नव्हती, हे खंडोजीरावांनी आधीच सांगून टाकलं होतं.

"चार," ती म्हणाली. "चारही एकाच जातीचे."

पुढचे दोन निघाले तेव्हा गुरुराज उठून जवळ गेले. टायर उभा धरून त्यांनी त्याच्या भेगांवरून अंगठा फिरवला. घरी नेऊ, असं ते म्हणाले. खंडोजीराव म्हणाले, न्या की, पुष्कळ लोक त्यात झाडं लावतात. मग सहज बोलून गेले, "नाहीतर जुना माल घेणारे असतात. भेगांना काळं लावून दुसऱ्याला विकतात. चर अजून आहे ना यांना."

हे ऐकल्यावर गुरुराजनी हात काढला. म्हणाले, "कापा."

"काय?"

"कापा मधून. कुणाच्या मुलाच्या गाडीला लागायला नको."

खंडोजीरावांनी यंत्र आणलं. आतल्या तारांपाशी पातं किंचाळलं तेव्हा वेदवतीने कानांवर हात ठेवले. गुरुराज मात्र दोन्ही टायर कापून होईपर्यंत समोर उभे राहिले. कापलेल्या तुकड्यातला आकड्यांचा भाग घ्यायचा का, असं खंडोजीरावांनी विचारलं. दोघंही गाडीकडे वळले.

नव्या टायरांवर सुरुवातीला गुळगुळीत थर असतो, पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवा, असं त्यांनी बजावलं होतं. पुढच्या गुरुवारी झिरमिर पाऊस होता. दोघं साडेपाचला निघाले. गाडी साठच्या वर गेली नाही. वेदवतीच्या पायाशी काहीतरी खडखडत होतं, ते बघायला ती वाकली तर सीटखाली शशांकची पाण्याची बाटली निघाली, तळाशी थोडं पाणी असलेली. तिने ती मांडीवर घेतली आणि गुरुराजनी वायपर वाढवले.

हँडपोस्टला ते कॉफीला थांबले. हॉटेलवाला काच पुसत बाहेर आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कौतुकाने विचारलं, "कुणाची सार, गाडी?"

"मुलाची," गुरुराज म्हणाले.

"काय करतो?"

"बेंगळूरला असतो. सॉफ्टवेअर."

"ही फार वेगाने नेत असेल, नाही का?" हॉटेलवाल्याने हसत वेदवतीला विचारलं.

"मी तिथे कॉफीचा पेला हातात धरून होते," वेदवती मला म्हणाली. "आणि मी हो म्हणाले. सांगून ठेवलंय त्याला, म्हणाले, पावसात हळू ने म्हणून."