त्याचंही नाव लिहा

"पासपोर्ट," तो म्हणाला. मला. फक्त मला.

जर्मनीतल्या ओडनवाल्डच्या जंगलातली सकाळ. फुटबॉलचा वर्ल्डकप संपून आठवडा झाला असेल. एक तंबू आणि त्यातून डोळे चोळत बाहेर आलेले आम्ही दोघं. मी आणि यान. नेकारसुल्मला ऑफिसात आमची टेबलं शेजारी. तंबू त्याचा, जागा त्यानं निवडलेली, "इथं कोण येतंय" हेही तोच म्हणालेला. इथल्या जंगलात पायी कुणीही फिरावं, मालक कुणी का असेना, कायदाच आहे तसा. तंबू ठोकून मुक्काम करायला मात्र बंदी. म्हणजे चूक दोघांची.

फॉर्स्टर, म्हणजे जंगलाचा अधिकारी, यानशी हसून बोलला. "पुढच्या वेळी कॅम्पिंगच्या जागेवर जा हं." झालं. सुटला. मग तो माझ्याकडे वळला. यानला 'झी', म्हणजे तुम्ही. मला 'डू'. सरळ अरे-तुरे. "बॅग रिकामी कर."

केली. चड्ड्या, बनियन, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी, सगळं ओल्या पाल्यावर. चटणीची पुडी त्यानं बुटानं उलटी केली. यान तेव्हा बुटाची नाडी बांधत होता. केवढी लांब होती ती नाडी, बाप रे!

खोटं कशाला बोलू? फॉर्स्टरचा राग मला नंतर आला. आधी यानचा हेवा वाटला. हा हेवा जुना आहे. आमच्या गावात शाळेची वाट देशमुखाच्या बांधावरून जायची. त्याचा पोरगा तिथनं सायकल हाणायचा. आम्ही बौद्धवाड्यातल्या पोरांनी पाय ठेवला की आरोळी यायची, "कुणाला इचारून चालला रं?" मग चिखलातून वळसा. त्या पोराचे पाय मला हवे होते.

यान हळूच म्हणाला, "सॉरी म्हण. सोडेल तुला."

सोडेल तुला! ह्याला न मागता सोडलेलं, आणि मी हात जोडायचे?

डोकंच फिरलं. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये, पण मोठ्यानं म्हणालो, "दंड करा. जरूर करा. पण त्याचंही नाव लिहा. तंबू एक, माणसं दोन."

"त्याचं तू बघू नकोस."

"बघणार. तुमच्या ऑफिसात येऊन विचारणार, एकालाच का."

फॉर्स्टरनं यानपुढे हात केला. "आउसवाइस, बिटे." यानचा चेहरा पडला. त्यानं खिशातून ओळखपत्र काढलं. मला बरं वाटलं. हो, वाटलं. लाज नाही सांगायला.

परतताना गाडीत तो म्हणाला, "मी तुला मित्र समजत होतो."

"मीही. मग तोंड का नाही उघडलंस?"

सोमवारी त्यानं कँटीनमध्ये दुसरं टेबल धरलं. धरू दे.

चुकलो तर शिक्षा घेईन, अख्खी घेईन. पण शेजारच्याला माफी आणि माझी झडती, हे आता मी कुठल्याच देशात खपवून घेणार नाही. माफी तर दोघांना. नाहीतर शिक्षा दोघांना. यात घासाघीस नाही.