कार्डांच्या गठ्ठ्याची पूजा

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते आमच्या गावच्या शाळेतल्या गणिताच्या गुरुजींचे. घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकही झाले नव्हते. कॉलेजचा फॉर्म गुरुजींनी स्वतः भरला, म्हणून मी पदवीधर झालो आणि कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या एका कचेरीत कॉम्प्युटर विभागात लागलो.

नोकरी अजून कच्ची होती. दुर्गापूजेच्या सुटीनंतर माझा प्रोग्रॅम चालला, तर पक्की होणार होती. प्रोग्रॅम म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांचा भलामोठा गठ्ठा. कॉम्प्युटर आला की माणसे जाणार, असे युनियनचे म्हणणे होते आणि शेजारच्या टेबलावरचे वयस्क बंगाली सहकारी युनियनचे होते. गठ्ठा त्यांच्या आवाक्यात ठेवायला मन धजेना. सुटीत मी तो बालीगंजला खोलीवर नेला.

सुटी संपली. मशीनने थोडी कार्डे घेतली आणि थांबले. कागदावर उमटले: ‘रीड चेक’. कार्ड वाचता आले नाही, एवढेच. का, ते सांगायची मशीनला पद्धत नव्हती. पुन्हा लावले, तर दुसऱ्याच कार्डावर अडले. मग तिसऱ्याच.

“काय भाई, आज वाचत नाही?” शेजारचे ते सहकारी हिंदीत म्हणाले. “चष्मा लावून बघा त्याला.”

ते हसले, हे मी लक्षात ठेवले. जेवणाच्या सुटीत ते मशीनपाशी उभे होते, हेही. संध्याकाळी साहेबांना लेखी दिले की कार्डांत कोणीतरी ढवळाढवळ करते आहे. संशयित म्हणून शेजारच्या सहकाऱ्यांचे नाव लिहिले.

दुसऱ्या दिवशी त्या सहकाऱ्यांनीच आपणहून गठ्ठा मागितला. एक कार्ड खिडकीकडे धरले, नखाने खरवडले.

“ही हळद कुठली?”

मला सांगावे लागले. दसऱ्याला आमच्याकडे पाटी-पुस्तकांची पूजा करतात. खोलीत पुस्तक नव्हते, म्हणून गठ्ठ्यालाच हळदकुंकू वाहिले होते. नंतर फुंकर मारली होती, तरी पूड भोकांत अडकून राहिली होती.

“आमच्यात हळद नवरीला लावतात,” ते म्हणाले. “तुम्ही गठ्ठ्याची नवरी केलीत. मशीनला तो वाचायचा होता ना?”

दुपारभर त्यांनी माझ्याबरोबर कार्डे पुसली, डागाळलेली नवी करून घेतली. प्रोग्रॅम चालला. माझा तक्रारअर्ज मात्र साहेबांच्या टेबलावर होता. त्या आठवड्याच्या शेवटी मी गुरुजींना लिहिले:

“तीर्थरूप गुरुजींस साष्टांग नमस्कार. मी एका निरपराध माणसाविरुद्ध लेखी तक्रार केली. मग साहेबांकडे जाऊन ती मागे घेतली आणि हळदीचे खरे सांगितले. त्यांनी अर्ज फाडला, पण मला कायम करण्याचे सहा महिने पुढे ढकलले. त्या गृहस्थांनाही मी स्वतःच सांगितले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. वडील आपल्याकडे विचारायला येतील. नोकरी पक्की झाली असे त्यांना सांगू नये. का झाली नाही, तेही कृपा करून सांगावे. मला घरी लिहिण्याचा धीर होत नाही.”