मुंडण केलं तरी ओळखलं

रेल्वेतून रिटायर झाल्यापासून बाबा रोज सकाळी पोळीचा पहिला तुकडा गच्चीच्या कठड्यावर ठेवायचे. मग दोन डोमकावळे यायचे, नर आणि मादी. साध्या कावळ्याची मान राखाडी असते. हे नखशिखान्त काळे, जाड चोचीचे, उन्हात पिसांवर निळसर झाक. पोळी वाळकी असली तर त्यातला मोठा, नर, ती शेजारी ठेवलेल्या ताटलीतल्या पाण्यात बुडवून मऊ करून खायचा. "पाह्य, याले दात नाहीत, पण डोकं आहे," बाबा कौतुकानं म्हणायचे. माझं एवढं कौतुक त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या जोडीनं आमच्या कडुलिंबावर घरटं बांधलं, माझ्या खिडकीला लागून. पहाटेपासून कावकाव, खाली घाण. माझं डोकं फिरलं. बाबा दवाखान्यात गेले असताना मी बांबूनं ते घरटं पाडलं. आत दोन पिल्लं होती, हे पडल्यावर दिसलं. दोन्ही मेली.

बाबा आले, पाहिलं, आणि ओरडले नाहीत. "काहून केलं रे असं? हे विसरत नसतात," एवढंच म्हणाले.

"कावळ्याच्या शापानं गाय मरत नसते, बाबा," मी म्हणालो. उलट बोलायची खोड माझी जुनीच.

दुसऱ्या दिवसापासून मी अंगणात आलो की ते दोन्ही कावळे माझ्या डोक्यावर झडप घालायचे. बायकोला नाही, पोरीला नाही, फक्त मला. हेल्मेट घातलं की गप्प, काढलं की हल्ला. आमच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या गल्लीत मी हसण्याचा विषय झालो होतो.

या उन्हाळ्यात बाबा गेले. दहाव्याला गुरुजी नदीवर चला म्हणत होते. आई अडून बसली. "त्यायचे कावळे इथं आहेत. परके कावळे काय करायचे मले?" म्हणून गल्लीच्या टोकाशी, तलावाच्या काठावरच पिंड ठेवले. मी मुंडण केलेलं, मिशी उतरवलेली. सख्ख्या मावशीनंही मला आधी ओळखलं नाही.

मोठा डोमकावळा समोरच्या झाडावर येऊन बसला. मान तिरकी करून पाहत राहिला, पण खाली येईना. अर्धा तास, मग तास. लोक हात जोडून वचनं द्यायला लागले. काका म्हणाले, वहिनीला अंतर देणार नाही. मावशी म्हणाली, नातीचं लग्न थाटात करू. आईला शुगर, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही, पण ती उन्हात उभीच. "त्यायचा जीव कशात अडकला असंन रे?" ती मलाच विचारत होती.

मला माहीत होतं, बाबांचा जीव कुठंही अडकलेला नव्हता. पण पाहुण्यांसमोर कसं सांगू? लाज वाटली, खरंच सांगतो. शेवटी गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू. आई रडायला लागली. तेव्हा हिंदी शाळेत शिकणारी माझी पोरगी कानाशी आली. "पापा, वो आपको ही देख रहा है. आप हट जाओ ना."

मी आईजवळ गेलो. "आई, तो माह्यामुळं येऊन नाही राहिला. त्याची पिल्लं मी मारली होती."

मी चालत गेलो आणि गल्लीतल्या एका भिंतीआड, जिथून काही दिसत नव्हतं तिथं उभा राहिलो. फार तर दोन मिनिटं झाली असतील.

"शिवला! शिवला!"

पिंड मी दिले होते, आणि सगळ्यांमध्ये त्यांना कावळा शिवताना न पाहिलेला मी एकटाच. भिंतीला डोकं टेकून मी पोरासारखा रडलो. बाबांसाठी आणि त्या पिल्लांसाठीही. दोन वर्षांत त्यांच्यासाठी पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पोळीचा तुकडा माझ्या हातात दिला.

"मले पाहून येणार नाही तो," मी म्हणालो.

"तरी आता रोज तूच ठेवायचा," ती म्हणाली. "ठेव, अन् आत निघून ये."