दोरा बांधलेला ग्लास

निनाद गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. बायपासवर डंपरनं उडवलं. हेल्मेट घालून, डबा घेऊन कामावर निघाला होता तो. तरी तेराव्याला आमच्याच अंगणात कुणीतरी पुटपुटलंच, "वो गांजे वाला लड़का था ना? पीके निकला होगा." सहा वर्षं त्यानं कशालाही हात लावला नव्हता. हे मी आता, दीड महिन्यानं लिहितेय, कारण त्या दिवशी मी नुसती पानं वाढत राहिले. आणि कारण चूक त्याची एकट्याची नव्हती.

निनाद माझा चुलतभाऊ, पाच वर्षांनी लहान. इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागातल्या घरात आम्ही एकत्र वाढलो. माझ्या पोह्यांवरची सगळी शेव उचलायचा आणि वर म्हणायचा, "ताई, तुझी तब्येत सांभाळतोय." अकरावीत भंवरकुआं चौकातल्या कोचिंगला जाऊ लागला आणि तिथल्या एका होस्टेलच्या गच्चीवर गांजा सुरू झाला. मी तेव्हा त्याच चौकात गांजाविरोधी पत्रकं वाटत होते. लाल अक्षरं, कवटी, तीन उद्गारचिन्हं. एक त्यालाही दिलं. त्यानं घडी करून खिशात ठेवलं. भिंतीपलीकडून कुणीतरी आपलं नाव घेतंय असं त्याला ऐकू यायचं, हे त्यानं मला चार महिने सांगितलं नाही. "तुझं पत्रक वाचल्यावर कोण सांगणार, भिया?" मलाही इंदुरी थाटात 'भिया' म्हणत नंतर हसत म्हणाला होता.

शेवटी सांगितलं तेव्हा तुकोगंजच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी औषधं दिली, तो सावरला. गांजा पूर्ण बंद, त्यांनी बजावलं. आम्ही माना डोलावल्या. मग शिवरात्र आली. आमच्याकडे काका, म्हणजे निनादचे वडील, स्वतः भांग घोटायचे, महादेवाला दाखवून ठंडाईत घालायचे, आणि सोळा पूर्ण झालेल्याला त्या वर्षी पहिला ग्लास मिळायचा. मीच तो त्याच्या हातात दिला.

"ताई, चालेल ना?"

चौकाचौकात गांजाविरुद्ध ओरडणारी मी म्हणाले, "अरे, प्रसाद आहे!"

तिसऱ्या दिवशी तो पंखा लावू देईना. त्यातून ते ऐकतात, म्हणाला... डॉक्टरांनी विचारलं, काय घेतलं? काकू म्हणाल्या, "कुछ नहीं जी, बस प्रसाद." "पौधा तो एक ही है, माताजी," ते शांतपणे म्हणाले. सगळ्यांना असं होत नाही. पण कोवळं वय, त्यातून एकदा हे होऊन गेलेलं, मग एक ग्लासही धोक्याचा. इतकी साधी गोष्ट आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हती! माझ्या पत्रकातही नव्हती.

बारावी वर्षभर उशिरा झाली. मग तो छापखान्यात लागला आणि माझी पत्रकं छापू लागला. कवटी त्यानं काढली. "पोरं पळतात ना!" भांगेची ओळ घातली आणि खाली स्वतःची एक: 'काही वेगळं ऐकू येत असेल तर सांग. रागावणार नाही.' त्या ओळीनंतर पोरं माझ्याशी बोलू लागली.

शिवरात्रीला तो ठंडाई प्यायचाच, पण साधी. अदलाबदल होऊ नये म्हणून काकू त्याच्या स्टीलच्या ग्लासाला लाल दोरा बांधायच्या. "व्हीआयपी ग्लास है अपना," म्हणत घरभर मिरवायचा.

यंदा सण नव्हताच. काकांनी भांगेला हात लावला नाही. महादेवापुढे ठेवायला थोडी साधी ठंडाई केली, इतकंच. काकूंनी ग्लास मांडले आणि एकाला दोरा गुंडाळू लागल्या.

"काकू, आज सगळी साधीच आहे..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि गाठ घट्ट केली.